स्वस्तात एएनसी हेडफोन घेताय? मग क्रम चुकवू नका

माझ्या मावसभावाने दिवाळीच्या सेलमध्ये सतराशे रुपयांचे इअरबड घेतले. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘नॉइज कॅन्सलेशन’ छापलेलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, “ताई, ऑफिसच्या एसीचा आवाज जसाच्या तसा येतोय. पीस खराब आलाय का?” पीस चांगला होता. डब्याच्या मागे बारीक अक्षरात ‘ईएनसी’ लिहिलं होतं, ते त्याने वाचलं नव्हतं. त्याला हवी होती एएनसी, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’, तुमच्या कानात येणारा बाहेरचा आवाज कमी करणारी सोय. ईएनसीचा तुमच्या कानाशी संबंध नाही. तुम्ही फोनवर बोलताना पलीकडच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू जावा, एवढंच तिचं काम.

अशा चुका मी वारंवार बघते आणि त्यातल्या बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात. लोक आधी सूट बघतात, मग ब्रँड, मग रंग. आपल्याला नेमका कोणता आवाज नकोसा झालाय, हा प्रश्न डबा उघडल्यावर पडतो. तो सगळ्यात आधी पडायला हवा. खालच्या पायऱ्या दोन ते दहा हजारांच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. त्या त्याच क्रमाने घ्या, मधली गाळू नका.

## पायरी १ : त्रास देणाऱ्या आवाजांची यादी करा

दोन दिवस मोबाइलवर टिपणं ठेवा. आवाजाने वैताग आला की तिथल्या तिथे तीन गोष्टी लिहा: कुठे, कसला आवाज, आणि तो सलग आहे की मध्येच येतो. आठवून लिहू नका. आठवणीत सगळाच गोंगाट एकसारखा होतो.

ही यादी कशाला, ते समजून घ्या. एएनसीमध्ये हेडफोनवरचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतली चिप त्याच्या नेमकी उलटी लाट तयार करून कानात सोडते. दोन लाटा एकमेकींना खोडतात. हे जमतं ते खर्जातल्या, सलग आवाजांना. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला गाठायला चिपला सवड मिळते. ४००० हर्ट्झच्या टिपेच्या आवाजाची लाट जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. तिथे किंचित उशीर झाला तरी उलटी लाट चुकीच्या जागी पडते आणि खोडाखोड होतच नाही. साधारण १००० हर्ट्झच्या वर स्वस्त हेडफोनची एएनसी फारसं काही करत नाही. त्यापुढे कामाला येते ती कानावरची गादी किंवा कानातलं रबराचं टोक, म्हणजे निव्वळ अडसर.

आता यादीतला प्रत्येक आवाज यापैकी कुठे बसतो ते बघा.

बऱ्यापैकी जाणारे: पंखा, एसी, कूलर, एक्झॉस्ट फॅन, विमानाच्या इंजिनाची घरघर, शिवनेरीसारख्या बंद काचांच्या बसमधला गुरगुराट, मेट्रोचा गडगडाट, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ही गुणगुण बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास असते, एएनसीसाठी अगदी सोपी.

अर्धेमुर्धे जाणारे: रस्त्यावरची रहदारी, लोकलचा खडखडाट, उघड्या खिडक्यांची लाल एसटी. यातला जाड भाग जातो. पत्रा, काचा आणि ब्रेकची किरकिर राहते. मिक्सरही यातच, पण त्याची घरघर कमी आणि किंचाळणं जास्त, त्यामुळे तो बराचसा ऐकू येतोच.

न जाणारे: कुकरची शिट्टी, हॉर्न, तान्ह्या बाळाचं रडणं, भांड्यांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, आणि जवळ बसलेल्या माणसांचं बोलणं.

या शेवटच्या आवाजापायी सर्वात जास्त पैसे वाया जातात. आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसते, एमपीएससीची तयारी करते. पाच हजार साठवून ती मला विचारायला आली होती. मी तिला यादी करायला लावली. यादीत काय होतं? मागच्या बाकावरची कुजबुज, खुर्च्या सरकवणं, पानं उलटण्याचा आवाज, रात्री खोलीतल्या मुलींच्या गप्पा. पंख्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. तिने एएनसी घेतला असता तर पंख्याची घरघर गेली असती आणि त्या घरघरीखाली दबलेली कुजबुज उलट आणखी स्पष्ट झाली असती. तिला मी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घ्यायला सांगितले, शंभर रुपयांच्या आतले. बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूला ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट तसंच धरून ठेवायचं. ते आता ती रोज वापरते. पाच हजार तिच्याकडेच आहेत.

> तपासा: यादीतल्या निम्म्याहून जास्त नोंदी ‘न जाणारे’ या गटात असतील तर इथेच थांबा. फोमचे बोळे, किंवा कानात घट्ट बसणारे साधे इअरफोन आणि त्यावर हलका पावसाचा आवाज, हा तुमचा उपाय. नोंदी पहिल्या गटातल्या असतील तर पुढे चला.

## पायरी २ : कानाला बसणारा आकार ठरवा

एएनसी कितीही चांगली असली तरी कानाभोवती फट राहिली की खर्जातला आवाज त्या फटीतून आत येतो. म्हणून आकार आधी आणि मॉडेल नंतर.

कानात जाणारे इअरबड. रबराच्या टोकांमुळे कान बंद होतो, अडसर चांगला मिळतो, किंमत कमी. डब्यात निदान तीन मापांची टोकं हवीत. दोन्ही कानांना एकच माप बसेल असं धरून चालू नका, माझ्या डाव्या कानाला मधलं आणि उजव्याला लहान लागतं. रबर नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरबडही एएनसीच्या नावाने विकले जातात. या किमतीत ते घेऊ नका. फट बुजत नाही, तर खोडायचं काय?

पूर्ण कान झाकणारे. दिवसभर बैठका, लांबचा प्रवास, मोठी बॅटरी हवी असेल तर हे. वजन २५० ग्रॅमच्या आत असलेलं बरं. तुलनेसाठी सांगते, सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच७२०एनचं वजन १९२ ग्रॅम आहे आणि चार तासांनी हा फरक मानेला कळतो. उकाडा ही मोठी अडचण. मुंबई, कोकण, गोवा इथे एप्रिल-मे महिन्यात एसीबाहेर हे अर्ध्या तासाच्या वर कानावर सहन होत नाहीत.

कानावर टेकणारे, लहान गादीचे. एएनसीसाठी नकोच. गादी कानाच्या पाळीवर बसते आणि चहूबाजूंनी आवाज गळतो.

चष्मा असेल तर नीट वाचा. माझी फ्रेम जाड प्लॅस्टिकची होती. नवा हेडफोन लावला, पंखा पाचवर ठेवला, आणि मला वाटलं एएनसी चालतच नाही. सहज दोन्ही गाद्या हातांनी कानावर हलकेच दाबल्या तर घरघर एकदम खाली गेली. चष्म्याची काडी गादी उचलून धरत होती, कानामागे करंगळीच्या नखाएवढी फट. पातळ धातूच्या काड्यांचा चष्मा केला आणि तोच हेडफोन चांगला चालू लागला. मोठ्या कुड्या, रिंगा, झुमके यांनीही असंच होतं. अंबाडा किंवा उंच बांधलेले केस असतील तर पट्टा मागे घसरतो आणि खालच्या बाजूने गादी सुटते.

> तपासा: गादी हाताने दाबल्यावर बाहेरचा आवाज कमी होत असेल तर दोष बसण्याचा आहे, एएनसीचा नव्हे. इअरबड किंचित आत ढकलल्यावर फरक पडला तर टोकाचं माप मोठं घ्या.

> सावध: दुचाकीवर, रस्ता ओलांडताना आणि रेल्वे रुळांजवळ एएनसी वापरायची नाही. गाडीची घरघर हाच तिथला इशारा असतो आणि एएनसी नेमका तोच पुसते.

## पायरी ३ : डबा आणि जाहिरात वाचायला शिका

इथे घाई करू नका. बहुतेक फसगत इथेच होते.

एएनसी की ईएनसी? ‘अ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘एएनसी’ हा शब्द स्पष्ट दिसला पाहिजे. ‘नॉइज कॅन्सलेशन माइक’, ‘क्वाड माइक ईएनसी’, ‘एआय कॉल नॉइज रिडक्शन’ ही सगळी फोनवर बोलण्यासाठीची सोय. ‘नॉइज आयसोलेशन’ म्हणजे नुसता रबराचा किंवा गादीचा अडसर. वस्तूचं नावच ‘नॉइज’ या ब्रँडचं असेल तर शोधताना गोंधळ वाढतो, तेव्हा मॉडेलच्या तपशिलात एएनसी आहे का ते वेगळं बघा.

हायब्रिड आहे का? बाहेरच्या बाजूला एक माइक आणि कानाच्या बाजूला दुसरा, असे दोन्ही असले की त्याला हायब्रिड म्हणतात. बाहेरचा माइक आवाज येण्याआधी चाहूल घेतो, आतला माइक कानापर्यंत काय उरलं ते ऐकून दुरुस्ती करतो. दोन वस्तू सारख्याच किमतीला असतील तर मी हायब्रिड निवडेन. नुसत्या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नका, बसण्यात खोट असली की हायब्रिडही काही करू शकत नाही.

डेसिबलचा आकडा. ‘५० डीबीपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा. तो आकडा एखाद्या ठरावीक खर्जातल्या पट्टीवर मिळालेला सर्वात चांगला निकाल असतो. बाकीच्या पट्ट्यांवर काय होतं, ते डबा सांगत नाही. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, मोजण्याची पद्धत दोघांची वेगळी. मी हा आकडा बघतच नाही.

बॅटरीचे तास. मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा एएनसी बंद असतानाचा. तुम्हाला चालू असतानाचा हवा. सोनीच्या वरच्याच मॉडेलचे ५० तास एएनसी बंद ठेवून आणि ३५ चालू ठेवून. साउंडकोर लाइफ क्यू३०चे अनुक्रमे ६० आणि ४०. इअरबडच्या बाबतीत आणखी एक मेख असते: ‘४० तास’ म्हणजे डबीतल्या सगळ्या चार्जिंगसकट. कानात एका दमात किती तास, ते शोधा. चार तासांच्या प्रवासाला साडेतीन तासांचे इअरबड पुरत नाहीत.

कोडेक. म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत; एसबीसी, एएसी, एलडीएसी ही त्यांची नावं. आयफोन ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी वापरतो, एलडीएसी चालत नाही. आयफोनवाल्यांनी एलडीएसीसाठी जादा पैसे मोजू नयेत. अँड्रॉइडवर एलडीएसी चालू केली की बॅटरी लवकर उतरते, आणि अनेक मॉडेलवर त्याच वेळी दोन उपकरणं जोडता येत नाहीत. प्रवासात ऐकणाऱ्याला एएसी भरपूर झाली.

दोन उपकरणं एकदम. याला मल्टिपॉइंट म्हणतात. लॅपटॉपवर बैठक चालू आणि फोनवर आईचा कॉल, अशांसाठी ही सोय मोलाची. ‘ड्युअल पेअरिंग’ असं लिहिलेलं असलं तर चौकशी करा. दोन उपकरणं लक्षात ठेवणं आणि दोन्हींशी एकाच वेळी जोडलेलं राहणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्लूटूथचा आवृत्ती क्रमांक. ५.२, ५.३, ५.४ यावरून आवाज कसा आहे ते कळत नाही. या आकड्यासाठी पैसे देऊ नका.

वायरची जागा. ३.५ मिमीची वायर लावता येते का आणि वायर लावल्यावर एएनसी चालू राहते का, हे दोन वेगळे प्रश्न विचारा.

## पायरी ४ : रक्कम ठरवा आणि तिच्यावर ठाम राहा

माझा सरळ अंदाज असा. दोन हजारांच्या आत एएनसी नावापुरती असते, त्या पैशांत चांगले साधे इअरफोन घ्या. दोन ते चार हजारांत एएनसीचे इअरबड पटण्यासारखे मिळतात. पूर्ण कान झाकणारा हेडफोन हवा तर चार हजारांच्या खाली उतरू नका. सात ते दहा हजारांत गादी, बिजागरी, अ‍ॅप सगळंच सुधारतं.

छापील किमतीवरून सूट मोजू नका. ‘१४,९९९ ची वस्तू २,९९९ ला’ यातली पहिली किंमत कोणी दिलेलीच नसते. मागच्या दोन-तीन महिन्यांत तीच वस्तू कितीला विकली जात होती ते बघा. सेलच्या आठवडाभर आधी पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी पुरे.

## पायरी ५ : विकणारा पारखा

ऑनलाइन घेताना वस्तूच्या पानावर विक्रेत्याचं नाव दिसतं, ते वाचा. कंपनीचं अधिकृत दुकान किंवा मोठा, जुना विक्रेता असेल तर ठीक. मग परतीचे नियम. ‘सात दिवसांत बदलून मिळेल’ म्हणजे पैसे परत मिळतील असं नव्हे. तीच वस्तू, तोच आकार पुन्हा येईल, आणि अडचण बसण्याची असेल तर बदलून काय उपयोग? कानात घालायचे इअरबड सील फोडल्यावर अनेक ठिकाणी परत घेतच नाहीत.

वायरलेस हेडफोन भारतात बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, सक्तीच्या नोंदणीखाली येतात. डब्यावर किंवा वस्तूवर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाची नोंद आहे ते दिसतं. त्याशिवाय छापील किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, आयातदाराचा पत्ता, ग्राहक संपर्क हेही डब्यावर हवं. यातलं काही नसेल तर वस्तू ठेवून बाहेर पडा.

‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणारा माल दिसायला हुबेहूब असतो. एएनसीचं बटण दाबलं की ‘एएनसी ऑन’ अशी बाईही बोलते. आत खोडणारी चिप नसली तरी ती बोलतेच.

> सावध: बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि तारीख हवी. ‘ब्लूटूथ हेडफोन १ नग’ एवढ्या बिलावर वॉरंटी मागताना हाल होतात. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

## पायरी ६ : दुकानात दहा मिनिटं काढा

ऑनलाइनच घ्यायचं ठरलं असलं तरी आधी एकदा दुकानात लावून बघा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा कुठल्याही शहरातलं मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालेल. तपकीर गल्लीतला माझा संवाद ठरलेला:

“दादा, याचा डेमो पीस आहे का?”

“मॅडम, सील तोडता येत नाही. आवाज एक नंबर आहे, गॅरंटी माझी.”

“मग दुसऱ्या कुठल्या मॉडेलचा डेमो आहे?”

कोणत्या ना कोणत्या मॉडेलचा निघतोच. हवं ते मॉडेल नसलं तरी आकार आणि वजन कळतं, आणि तेही खूप आहे. डेमो हातात आला की या क्रमाने करा:

१. चष्मा, कानातलं, केस नेहमीसारखेच ठेवा. खास काढून ठेवू नका.

२. गाणं लावायच्या आधी, शांतपणे, एएनसी चालू करा. दुकानाच्या पंख्याची किंवा एसीची घरघर खाली जाते का?

३. मान डावीकडे-उजवीकडे वळवा, जबडा हलवा, दोन शब्द बोला. आवाज फुटतो किंवा धपधप होते का?

४. कान दडपल्यासारखे वाटतात का? विमान वर जाताना वाटतं तसं. काहींना ते सोसतं, काहींचं डोकं धरतं. हे ज्याचं त्यालाच कळतं.

५. मग तुमच्या फोनवरचं, तुमच्या ओळखीचं गाणं लावा. दुकानदाराचं धमाकेदार गाणं नको, त्यात सगळंच चांगलं वाटतं.

६. शक्य असेल तर पाच मिनिटं तसाच डोक्यावर राहू द्या. माथ्यावर किंवा कानामागे टोचायला लागलं तर दोन तासांत काय होईल याचा अंदाज येतो.

## पायरी ७ : घरी आल्यावरचे पहिले सात दिवस

परतीची मुदत म्हणजे परीक्षेचा काळ. वस्तू कपाटात ठेवून ‘गावाला जाताना उघडू’ असं करू नका.

पहिला दिवस. पार्सल उघडताना चिकटपट्टी कापण्यापासून सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. पूर्ण चार्ज करा. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलने चार्ज होत नसेल तर लगेच खराब म्हणू नका. काही स्वस्त वस्तूंमध्ये ती ओळख पटवणारे छोटे घटक बसवलेले नसतात. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने बघा, चालेल. त्यानंतर कंपनीचं अ‍ॅप टाकून अपडेट आहे का बघा. पुष्कळदा एएनसीची सुधारणा त्यातूनच येते.

दुसरा दिवस: पंख्याची चाचणी. पंखा पाचवर, हेडफोन कानावर, गाणं बंद. इथे लोक हमखास फसतात. बटण दाबलं की बरेच हेडफोन एएनसीवरून थेट ‘ट्रान्सपरन्सी’वर जातात. या दुसऱ्या अवस्थेत बाहेरचा आवाज माइकने मुद्दाम आत आणला जातो, त्यामुळे फरक जमीन-अस्मानाचा वाटतो आणि माणूस खूश होतो. खरी तुलना एएनसी चालू आणि एएनसी पूर्ण बंद यांच्यात. ‘बंद’ ही अवस्था बटणाने मिळत नसेल तर अ‍ॅपमध्ये शोधा.

मग दुसरी, जास्त भरवशाची चाचणी. एक्झॉस्ट फॅन चालू करून त्याच्याजवळ उभ्या राहा आणि मराठी बातम्या ऐका. एएनसी बंद ठेवून प्रत्येक शब्द कळायला आवाजाच्या किती रेघा लागतात ते मोजा. आता चालू करून मोजा. माझ्याकडे अकरावरून सातवर आला. दोन-तीन रेघांचा फरक पडला तरी वस्तू काम करते आहे. काहीच फरक नसेल तर आधी गादी दाबून बघा, मग परत करा.

पंखा बंद करून शांत खोलीतही एकदा ऐका. बारीक ‘सऽऽ’ असा आवाज स्वस्त एएनसीत थोडासा असतोच. गाणं लावल्यावर तो ऐकू येत नसेल तर सोडून द्या. एकाच कानात जास्त येत असेल तर तो दोष आहे.

तिसरा दिवस: कॉल. घरातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला फोन लावा. शांत खोलीतून, मग पंख्याखालून, मग गॅलरीतून. वाऱ्यात माइकवर फडफड होते, ती पलीकडे कितपत जाते ते विचारा. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, वारा थेट माइकवर आला की एएनसी स्वतःच घुरघुरते. तिथे ती बंद केलेली बरी.

चौथा दिवस: लॅपटॉप. बैठक सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा पातळ, चपटा झाला तर घाबरू नका. ब्लूटूथवर हेडफोनचा माइक वापरायला घेतला की बहुतेक लॅपटॉप कॉलच्या कमी दर्जाच्या जोडणीवर उतरतात. बैठकीच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा आणि ऐकण्यासाठी हेडफोन. आवाज पूर्ववत होतो. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मी ओळखीतल्या दोघांना चांगले हेडफोन परत करताना पाहिलंय.

पाचवा ते सातवा. एकदा पूर्ण बॅटरी उतरवून तास मोजा, एएनसी चालू आणि आवाज निम्म्यावर. इअरबडचा एक कान दुसऱ्याच्या बराच आधी बंद पडत असेल तर बदलून घ्या. आणि ज्या जागेसाठी हा हेडफोन घेतलाय, तिथे एकदा जाऊन या. बस असेल तर बस, ऑफिस असेल तर ऑफिस. पहिल्या पायरीतली यादी उघडा आणि एकेका आवाजापुढे गेला, कमी झाला किंवा राहिला असं लिहा.

> तपासा: सहाव्या दिवशी निर्णय घ्या. सातव्या दिवशी रात्री तक्रार टाकायला बसलात तर एखादा फोटो अपलोड होत नाही म्हणून मुदत निघून जाते.

## पायरी ८ : आवाज किती ठेवायचा

बाहेरचा गोंगाट कमी झाला की गाण्याचा आवाजही कमी करता येतो. एएनसीचा कानांना होणारा खरा फायदा हाच, आणि अनेक जण तो घेतच नाहीत, जुन्याच रेघेवर ऐकत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. तोच आवाज ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. दहा डेसिबलनी वेळ दहा पटीने घटते. पंख्याच्या चाचणीत जी खालची रेघ मिळाली, ती लक्षात ठेवा आणि तिथेच थांबा. मुलांच्या फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून द्या.

## पायरी ९ : देखभाल

दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या दीड-दोन वर्षांत सोलायला लागतात, काळे कपचे गालाला चिकटतात. वापर झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने घाम पुसा, ओला हेडफोन तसाच डबीत बंद करू नका. गादी निघणारी असेल तर घेतानाच तिची लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा, पुढे सुटी जोडी मागवताना उपयोगी पडते. कापडी गाद्या गार वाटतात, पण त्यातून खर्जातला आवाज जास्त गळतो. बदलल्यावर पंख्याची चाचणी पुन्हा करा.

इअरबडची जाळी महिन्यातून एकदा कोरड्या, मऊ दातघाशीने साफ करा, जाळी खालच्या बाजूला धरून, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. बाहेरच्या माइकच्या बारीक छिद्रांवरूनही तीच दातघाशी फिरवा. टाचणी घालू नका. एएनसी अचानक शिट्टी वाजवू लागली किंवा एकाच कानात घरघर वाढली तर सेवा केंद्रात जाण्याआधी हीच छिद्रं बघा, पावडर किंवा धूळ बसलेली असते.